ज्ञानेश्वरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी ज्ञानेश्वरीचा पाठ असतो. वीस-बावीस जण जमतात. नवीन कोणी आलं की पाठ संपल्यावर चहा घेताना तेच तेच प्रश्न निघतात आणि उत्तरं द्यायचं काम फिरून माझ्याकडे येतं. म्हणून एकदाचं लिहूनच काढलं. मी कीर्तनकार नाही, प्राध्यापकही नाही. बँकेतून निवृत्त झालेला, आजीच्या पोथीवर बोट ठेवून ओवी वाचायला शिकलेला माणूस आहे. तेवढं धरून वाचावं.

ज्ञानेश्वरी म्हणजे गीतेचं मराठी भाषांतर ना?

नाही. भाषांतर असतं तर सातशे श्लोकांच्या सातशे-हजार ओव्या झाल्या असत्या. प्रचलित प्रतींत त्या ९,०३३ आहेत. ही गीतेवरची टीका आहे. टीका म्हणजे दोष काढणं नव्हे, अर्थ उलगडणं. ग्रंथाचं एक नाव 'भावार्थदीपिका' आहे. 'ज्ञानदेवी' हे दुसरं, जुनं नाव.

हा उलगडा सगळीकडे सारखा नाही. बाराव्या अध्यायाच्या २० श्लोकांवर अडीचशेच्या आत ओव्या आहेत, तर एकट्या अठराव्यावर अठराशे. तेराव्यात ज्ञानाची लक्षणं सांगताना गीता 'अहिंसा' हा एक शब्द उच्चारून पुढे जाते, ज्ञानेश्वर मात्र तिथे शंभराच्या आसपास ओव्या थांबतात. मूळ श्लोकाचं बोट धरून निघालेला माणूस वाटेत रमतो, श्रोत्यांशी बोलतो, विषय लांबला म्हणून माफी मागतो आणि 'हें असो' म्हणत परत रस्त्याला लागतो. ऐकणारे समोर बसलेले आहेत, हे पानोपानी जाणवतं.

मग मूळ गीता कुठली?

महाभारतातली, भीष्मपर्वातली. प्रचलित प्रतींत ती त्या पर्वाच्या २५ ते ४२ या अध्यायांत येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत तेच अध्याय २३ ते ४० आहेत. रचना अशी की कृष्ण अर्जुनाला सांगतो, संजय ते धृतराष्ट्राला सांगतो आणि व्यास आपल्याला. ज्ञानेश्वरांनी त्यावर आणखी एक मजला चढवला: निवृत्तिनाथांसमोर, संतसभेत ज्ञानदेव सांगतात.

संजय-धृतराष्ट्राची जोडी ज्ञानेश्वरांनी फार मजेदार रंगवली आहे. नवव्या अध्यायाच्या शेवटी संजयाला आनंदाचं भरतं आलेलं असतं आणि त्याच्या लक्षात येतं की म्हातारा ढिम्म आहे, पुराच्या पाण्यात बसलेला रेडा जसा उठत नाही तसा. पाठात ही ओवी आली की मागच्या रांगेतून हमखास खुसखुस ऐकू येते.

कधी आणि कुठे लिहिली गेली?

ग्रंथाच्या शेवटची ओवी सांगते:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. ठिकाण नेवासे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. ज्या दगडी खांबाला टेकून सांगितलं असं मानतात तो 'पैस' खांब नेवाशात आजही आहे आणि मंदिर त्याच्याभोवती उभं आहे. खांबावर जुना शिलालेखही आहे. गेलात तर हात लावून गर्दीबरोबर पुढे सरकू नका, दोन मिनिटं अक्षरं बघा.

त्या वेळी देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करत होता. ग्रंथात 'न्यायातें पोषी क्षितीशु श्रीरामचंद्रु' असा त्याचा उल्लेख येतो. पुढच्या सहाच वर्षांत, १२९६ साली, अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. त्याच वर्षीच्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली.

ग्रंथाच्या शेवटी 'श्रीगोदावरीच्या कूलीं', म्हणजे गोदावरीच्या काठी, म्हटलंय, पण नेवासे तर प्रवरेवर आहे?

बरोबर पकडलंत. नेवाशातून वाहते ती प्रवराच. मात्र ती तिथून जवळच प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. ज्ञानेश्वर 'अनादि पंचक्रोश क्षेत्र' म्हणतात, म्हणजे गावाची हद्द नव्हे तर पाच कोसांचा सगळा पुण्यप्रदेश सांगतात. 'जेथ जगाचें जीवनसूत्र श्रीमहालया असे' ही पुढची खूण नेवाशाच्या दैवताची मानली जाते.

पंधरा वर्षांच्या मुलाने हे सांगितलं, यावर विश्वास ठेवायचा?

रूढ समजुतीप्रमाणे जन्म शके ११९७, श्रावण वद्य अष्टमी. त्या हिशेबाने ग्रंथाच्या वेळी वय पंधरा. दुसरी परंपरा शके ११९३ मानते, तसं धरलं तर एकोणीस. माझ्या मते चार वर्षांनी आश्चर्य कमी होत नाही.

वयापेक्षा मला दुसरीच गोष्ट विलक्षण वाटते. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची ही चार मुलं: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. समाजाने त्यांना वाळीत टाकलं, आईवडील गेले, शुद्धिपत्रासाठी, म्हणजे पुन्हा समाजात घेण्याच्या पत्रासाठी, पैठणच्या वाऱ्या झाल्या, असं परंपरा सांगते. एवढं सोसलेला माणूस नऊ हजार ओव्या सांगतो आणि त्यात स्वतःचं गाऱ्हाणं एका ओवीचंही नाही. स्वतःची ओळख देताना तो एवढंच म्हणतो: निवृत्तिनाथांचा दास. गुरुपरंपराही सांगतो ती नाथांची: आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ.

संस्कृत येत असून मराठीत का सांगितली?

सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा बसू या.

'लोकांना संस्कृत कळत नव्हतं म्हणून' हे उत्तर आपण शाळेपासून ऐकतो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ज्ञानेश्वरांनी स्वतः दिलेलं कारण अठराव्या अध्यायात आहे आणि ते चांगलंच धारदार आहे:

वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं ।
जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥

वेद श्रीमंत खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो फक्त तीन वर्णांच्याच कानाला लागला. बाकीचे, स्त्रिया आणि शूद्र, संसाराच्या व्यथेने पोळत असताना त्यांना जागा न देता बसून राहिला. तेराव्या शतकात, भर सभेत, वेदाला कंजूष म्हणायचं! आणि लगेच पुढे:

तरी मज पाहतां तें मागील उणें । फेडावया गीतापणें ।
वेदु वेठला भलतेणें । सेव्य होआवया ॥

हे मागचं उणं भरून काढायला वेदच गीतेचं रूप घेऊन आला, कोणालाही सेवन करता यावं म्हणून. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या लेखी गीतेचा जन्मच दार उघडण्यासाठी झाला. पण गीताही संस्कृतात. दार अर्धंच उघडलेलं. उरलेली फळी त्यांनी मराठीने ढकलली. ज्ञानेश्वरी मराठीत असणं हा नुसता सोयीचा भाग नाही, तीच या ग्रंथाची पहिली शिकवण आहे, असं मी तरी समजतो.

आणि यात 'बिचारी प्राकृत भाषा' असा सूर कुठेच नाही. उलट सहाव्या अध्यायात पैज लावली आहे:

माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥

छंदही निवडला तो ओवीचा. बायका दळताना जात्यावर म्हणतात त्याच घराण्यातली ही ओवी. तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड, मोकळा.

हा मराठीतला पहिला ग्रंथ का?

नाही. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११०चा मानतात आणि महानुभावांचं 'लीळाचरित्र' हे गद्यही ज्ञानेश्वरीच्या आधीचं. पहिलेपणाचा आग्रह कशाला? ज्ञानेश्वरीला त्याची गरज नाही.

आज आपण वाचतो ती मूळचीच आहे का?

तीनशे वर्षं हाताने नकला होत गेल्या, तोंडाने म्हणत गेले, तेव्हा पाठ, म्हणजे ओवीतले शब्द, बदलणारच. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ (इसवी सन १५८४) मध्ये बसून प्रत शुद्ध केली. ते काय म्हणतात बघा: 'ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध'. ग्रंथात चूक नव्हती, म्हणणाऱ्यांनी घोटाळे केले. शिवाय ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला त्यांनी असा दम भरलाय की आजच्या संपादकांनी टेबलावर चिकटवून ठेवावा: त्याने 'अमृताचे ताटीं नरोटी ठेविली', अमृताच्या ताटात करवंटी ठेवली.

एकनाथांचं काम भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला पुरं झालं. आपण ज्ञानेश्वरी जयंती भाद्रपद वद्य षष्ठीला करतो ती या तिथीवरून. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, म्हणून सांगितलं.

छापील रूपात ती प्रथम आली १८४५ साली, बाळशास्त्री जांभेकरांनी शिळाछापावर काढली. पुढे १९०९मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून आपली आवृत्ती काढली. ती पोथी एकनाथांच्याही आधीची आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पंडितांनी भरपूर वाद घातले. ओवीतला एखादा 'उ'कार इकडे की तिकडे यावर माणसं किती तावातावाने भांडू शकतात ते बघायचं असेल तर तो वाद जरूर वाचा.

थोडक्यात, ज्ञानेश्वरीची शिकवण काय?

थोडक्यात सांगायला मी बिचकतो, कारण 'सर्वत्र एकच परमात्मा आहे' असं म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय संपतो. ज्ञानेश्वरांनी हेच सांगितलं, पण असं सांगितलं की मान डोलवून सुटता येत नाही. त्यासाठी बारावा अध्याय घ्या. गीता म्हणते, भक्त कोणाचाही द्वेष करत नाही. ज्ञानेश्वर म्हणतात:

उत्तमातें धरिजे । अधमातें अव्हेरिजे ।
हें काहींचि नेणिजे । वसुधा जेवीं ॥

चांगल्याला धरावं आणि वाईटाला झिडकारावं, हे जमिनीला माहीतच नसतं. मग पाण्याकडे वळतात:

कीं गाईची तृषा हरूं । कां व्याघ्रा विष होऊनि मारूं ।
ऐसें नेणेचि गा करूं । तोय जैसें ॥

गाईची तहान भागवीन आणि वाघाला विष होऊन मारीन, असं पाणी करत नाही. घरच्यांना उजेड आणि परक्यांना अंधार, असं दिवा करत नाही. आणि झाड:

जो खांडावया घावो घाली । कां लावणी जयानें केली ।
दोघां एकचि साउली । वृक्षु दे जैसा ॥

तोडायला घाव घालणारा आणि लावणारा, दोघांना सावली एकच. पुढच्याच ओवीत ऊस येतो: वाढवणाऱ्याला गोड आणि गाळणाऱ्याला कडू, असं ऊस करत नाही. नेवासे तालुक्यात आज नजर जाईल तिथे ऊस आहे आणि ज्ञानेश्वरांच्या नावाचा साखर कारखानाही आहे. तिथून येताना एसटीच्या खिडकीतून मला दर वेळी हीच ओवी आठवते.

या दृष्टान्तांत एक गोष्ट हेरण्यासारखी आहे. जमीन, पाणी, दिवा, झाड, ऊस यांतलं कोणीही समभावाचा अभ्यास करत नाही. 'नेणिजे', 'नेणेचि': भेद करणं त्यांना ठाऊकच नाही. भक्ताचं चांगलं वागणं हा दात-ओठ खाऊन पाळलेला नियम नसून स्वभाव झालेला असतो, हे इथे एकही तात्त्विक शब्द न वापरता सांगून झालं. दृष्टान्त काढून टाकला तर तत्त्वज्ञान उरेल असं समजू नका. इथे दृष्टान्तच तत्त्वज्ञान आहे.

तेराव्यातली अहिंसाही अशीच बघावी. अहिंसक माणूस चालतो कसा?

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार ।
कुचुंबैल केसर । इया शंका ॥

केसर चुरगळेल या भीतीने भुंगा कमळावर हलकेच पाय ठेवतो, तसा हा माणूस अणुरेणूंत गुंतलेले सानुले जीव ओळखून 'कारुण्यामाजीं पाउलें लपवूनि चाले'. कारुण्यात पावलं लपवून चालणं! हे वाचून झाल्यावर आमच्या पाठात एकदा कोणी बराच वेळ पान उलटलंच नाही.

आता शब्दात सांगायचंच तर: दहाव्यातली 'जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत । हा भक्तियोगु निश्चित । जाण माझा' ही ओवी पाठ करा. ज्ञान आणि भक्ती असे दोन डबे ज्ञानेश्वर करत नाहीत. अद्वैत कळलं म्हणून भक्ती संपत नाही, तिथून ती खरी सुरू होते.

संसार, नोकरी सोडायला सांगते का?

अजिबात नाही. देह मिळालेला असताना कामाचा कंटाळा करणाऱ्यांना ज्ञानेश्वर सरळ 'गांवढे' म्हणतात: 'खंती करिती कर्माची । ते गांवढे गा'. आणि काम हीच पूजा कशी, ते अठराव्यात आहे:

तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा ।
पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥

फुलं बाजारातून आणायची नाहीत, आपल्या कामाचीच वाहायची. कॅश काउंटरवर महिनाअखेरीची रांग लागली की मला ही ओवी आठवायची. प्रत्येक वेळी आचरणात यायची असं मात्र म्हणणार नाही.

जातिभेदाबद्दल काय म्हटलंय?

नववा अध्याय: ओढे-नाले गंगेला मिळेपर्यंतच ओढे-नाले, मिळाले की केवळ गंगा. तसंच 'जाती तंवचि वेगळालिया । जंव न पवती मातें'. व्यवहारातली वर्णव्यवस्था ग्रंथ मोडीत काढत नाही, स्वधर्माची भाषा त्या काळाचीच आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण भक्तीच्या दारात तो कोणाला अडवत नाही आणि 'वेद कंजूष' म्हणण्याइतका निर्भीड आहे. पुढच्या शतकांत पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात जे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले, त्याची तयारी इथे दिसते.

सहाव्या अध्यायातला कुंडलिनीचा भाग घरी करून बघावा का?

नको. तो नाथपंथाच्या आतला विषय आहे. ज्ञानेश्वर स्वतःच त्याला 'नाथसंकेतींचा दंशु' म्हणतात. वर्णन म्हणून वाचा, मराठीत शरीराच्या आतल्या हालचालीचं इतकं चित्रमय वर्णन मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही. करायचं असेल तर गुरूकडून, पुस्तकावरून नाही.

ज्ञानेश्वरीत विठ्ठल का नाही?

विठ्ठलाचं नाव घेऊन उघड उल्लेख नाही, हे खरं. त्यावरून आणि भाषेच्या फरकावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असाही वाद झाला की ग्रंथ रचणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग रचणारे वेगळे. मला तो पटत नाही. गीतेवरची टीका सांगताना कृष्ण समोर आहे, तिथे विठ्ठल वेगळा कशाला आणायचा? नामदेवांसारखा विठ्ठलाचा लाडका भक्त तर या ग्रंथाला डोक्यावर घेतो: 'नामा म्हणे ग्रंथ श्रेष्ठ ज्ञानदेवी । एक तरी ओवी अनुभवावी'.

रेड्याने वेद म्हटले, भिंत चालली, हे खरं का?

या कथा ज्ञानेश्वरीत नाहीत. त्या नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत आणि पुढे महिपतींच्या संतचरित्रांत येतात. श्रद्धा असेल तर ठेवा. पण रेड्याच्या कथेचा रोख नीट बघा: 'वेद फक्त आमच्याच तोंडी' असं म्हणणाऱ्यांसमोर तो रेड्याच्या तोंडून निघतो. 'वेदु कृपणु' या ओवीचंच ते लोकांनी रचलेलं चित्र आहे.

पसायदान म्हणजे नेमकं काय मागितलंय?

पसाय म्हणजे प्रसाद. ग्रंथ पुरा झाल्यावर विश्वात्मक देवाकडे मागितलेलं हे दान, नऊ ओव्यांचं. शाळेत रोज म्हणून म्हणून आपले कान त्याला सरावले आहेत, म्हणून तीन शब्दांवर बोट ठेवतो.

'खळांची व्यंकटी सांडो': व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्टांचा नाश होवो असं मागितलेलं नाही, त्यांचा वाकडेपणा सुटो आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागो, असं म्हटलंय. 'विश्व स्वधर्म सूर्यें पाहो' यातला स्वधर्म म्हणजे हिंदू-मुसलमान या अर्थाचा धर्म नव्हे, ज्याचं त्याचं कर्तव्य. आणि 'जो जे वांछील तो तें लाहो', ज्याला जे हवं ते मिळो, ही ओळ बरेच जण सुटी करून वाचतात आणि भाबडी म्हणून हसतात. पण ती तिसऱ्या ओवीत येते, वाकडेपणा गेल्यावर, जीवाचं मैत्र जुळल्यावर आणि पापाचा अंधार सरल्यावर. आधी मन सरळ करून घेतलंय, मग इच्छा मोकळी सोडलीय. क्रम चुकवू नका.

शेवटी स्वतःसाठी काय मागितलं? काहीच नाही. 'येणें वरें ज्ञानदेवो । सुखिया जाला'.

भाषा डोक्यावरून जाते. काय करू?

मोठ्याने वाचा. खरंच. डोळ्यांनी वाचलेली 'उजियेडु' अनोळखी वाटते, तोंडाने म्हटली की 'उजेड' ऐकू येतो. 'साउली', 'कोंवळे', 'हळुवार' तर आजचेच शब्द. क्रियापदं तेवढी अडतात: 'अवधारिजो' म्हणजे लक्ष द्या, 'नेणे' म्हणजे जाणत नाही, 'जेवीं' म्हणजे जसं, 'नातरी' म्हणजे नाहीतर. असे पन्नासेक शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले की महिन्याभरात सवय होते.

कुठून सुरुवात करू आणि कोणती प्रत घेऊ?

पहिल्यांदाच वाचणाऱ्याने बारावा घ्यावा. लहान आहे, गोड आहे, अडत नाही. मग नववा, मग पहिल्यापासून. अठरावा शेवटीच, तोवर दम येतो. प्रत 'सार्थ' घ्या, म्हणजे ओवीखाली अर्थ असलेली. सोनोपंत दांडेकरांची आणि साखरे महाराजांची, दोन्ही वारकऱ्यांच्या घरोघरी सापडतात. नुसतं गद्य भाषांतर घेऊ नका, उसाऐवजी चिपाड चघळल्यासारखं होतं.

पारायणाला सोवळं लागतं का? बायकांनी पाळीत वाचावी का? घरात मटण होतं, पोथी ठेवू का?

आंघोळ करा, स्वच्छ जागा घ्या, पोथी जमिनीवर ठेवू नका, रेहाळ किंवा पाट घ्या. बाकी तुमच्या घरची रीत तुम्ही बघा. एवढंच सांगतो: ज्या ग्रंथाने बायकांना बाहेर ठेवल्याबद्दल वेदाला कंजूष म्हटलं, त्याच ग्रंथापासून बायकांना चार दिवस लांब बसवणं मला तरी समजत नाही. आमच्या पाठात हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि कोणी उठूनही जात नाही.

गावच्या सप्ताहात पारायण सात दिवसांचं असतं. पहाटे काकडा, मग व्यासपीठचालकांच्या, म्हणजे पुढे बसून वाचन चालवणाऱ्यांच्या, मागे सगळ्यांचं एका सुरात वाचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला. तिथे वाचनाचा वेग मोठा असतो, अर्थाला थांबायला सवड नसते. ती सामुदायिक उपासना आहे, अभ्यास नव्हे. दोन्ही करावं, पण एकाला दुसरं समजू नये. सात दिवसांत नऊ हजार ओव्या संपवून 'झाली बाबा' म्हणणाऱ्याला नामदेवांचं 'एक तरी ओवी' ऐकवावंसं वाटतं.

घरात पणजोबांची जुनी पोथी आहे, पानं तुटायला लागलीत. नदीत सोडू का?

थांबा! आधी छापील आहे की हाताने लिहिलेली, ते बघा. छापील असेल तर बांधणीवाल्याकडे न्या, बहुतेक पोथ्या दुरुस्त होतात. हस्तलिखित असेल तर पाण्यात मुळीच सोडू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, भांडारकर आहे. तिथल्या जाणकारांना दाखवा. देऊन टाकायची नसेल तर निदान प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. एखाद्या ओवीचा वेगळा पाठ तुमच्याच माळ्यावर पडलेला असू शकतो.

आणि दप्तर, म्हणजे पोथी बांधलेलं फडकं, सोडलंत की सर्वांत आधी शेवटचं पान काढा. लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि शके बहुधा तिथेच असतात.